आजोबांची पेट्रोल सीजे-थ्री-बी घरी पुन्हा चालती करायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांच्या नावावरची १९६९ ची महिंद्रा जीप, सीजे-थ्री-बी मॉडेल, उंच बॉनेटवाली, मूळ पेट्रोल इंजिनची, चिपळूणकडच्या घरी पडवीत बरीच वर्षं बंद उभी आहे, इंजिन जाम, फ्लोअरचा पत्रा सडलाय, स्टेअरिंगला प्ले म्हणजे मोकळी हालचाल आहे, आणि ती तुम्हाला घरीच दुरुस्त करून चालती करायचीय. वर डिझेल इंजिन, जुन्या मिलिटरी जीपसारखं लो बॉनेट, मोठे टायर, रोल केज म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा, हेही डोक्यात आहे, तर सुरुवात कुठून करू. माझं आयुष्य याच गाड्यांखाली झोपून गेलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, समजून घ्या.

पाना हातात घ्यायच्या आधी आरसी बुक हातात घ्या. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल, त्याचा फॉर्म ३१ असतो, विक्रीचे २९ आणि ३० वेगळे, एजंट कधीकधी घाईत विक्रीचेच भरायला सांगतात ते करू नका. मग आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक आकडा बोटाने लावून बघा. चासीवरचा नंबर बहुतेक वेळा ग्रीस आणि मातीच्या थराखाली असतो, तो वायर ब्रशने अजिबात घासायचा नाही, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने मऊ करत करत पुसायचा, दिसला की पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायचा, फोटो काढायचा आणि वर ग्रीस थापून त्यावर जाड टेप मारून ठेवायचा. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे चासी सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला गेली की तिथला पोरगा गंज आणि नंबर यात फरक करत नाही, आणि नंबर पुसट झालेली गाडी आरटीओत नेणं म्हणजे नसती आफत.

आता खरा निर्णय. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी सोय केली. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, नंतरच्या नूतनीकरणाची ५,०००, मुदत १० वर्षं, आणि आधीपासून रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने रजिस्टर होणाऱ्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. तुमची गाडी वयाने बसते. पण अट अशी, की ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. दुसरा रस्ता म्हणजे नेहमीचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं, पासिंग करून घ्यायचं आणि गाडी वापरायची, पण तिथेही कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन म्हणजे तर सरळ सापडणारी गोष्ट. तेव्हा दोन दगडांवर पाय ठेवू नका. व्हिंटेज करायची की वापरायची ते आत्ता ठरवा, आणि ठरत नसेल तर माझं मत ऐका – जे काही लावाल ते बोल्टने लावा, उद्या काढून मूळ जागा परत मिळाली पाहिजे. कटर आणि वेल्डिंग फक्त सडलेल्या पत्र्यासाठी.

याच कारणाने लो बॉनेटचं खूळ डोक्यातून काढा. महिंद्राने १९४९ ला मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-थ्री-बी इथेच बनवायला लागले, तिचं बॉनेट उंच आहे ते हौस म्हणून नाही, आतलं हरिकेन इंजिन जुन्या लढाईतल्या जीपच्या इंजिनापेक्षा उंच आहे म्हणून. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. ते ठेवून बॉनेट खाली आणलं तर वरचा सगळा पसारा पत्र्याला लागतो, म्हणून मग लोक इंजिनच बदलतात, म्हणून मग गिअरबॉक्स बदलतात, आणि शेवटी ना ती आजोबांची जीप राहते ना मिलिटरीची होते. वर बॉनेटवर पांढरा अमेरिकन तारा काढतात, तो तर मला कधीच झेपला नाही, रत्नागिरी जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या गाडीला नॉर्मंडीचा तारा कशाला.

बरं, आता काम. माझा क्रम ठरलेला आहे, आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. बहुतेक हौशी मंडळी उलटं करतात, पहिल्या महिन्यात रंगाचा शेड ठरतो आणि सहा महिन्यांनी चकचकीत गाडी ब्रेकशिवाय पोर्चमध्ये उभी असते.

हत्यारं घेताना एक लक्षात घ्या, या गाडीचे मूळ नट-बोल्ट इंची आहेत. सात-सोळा, अर्धा, नऊ-सोळा, पाऊण असे पाने लागतील. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसतो पण ढिला, आणि पन्नास वर्षांच्या गंजावर जोर लावला की बोल्टचं डोकं गोल. मधल्या काळात कुठल्या कुठल्या फिटरने मेट्रिक बोल्टही घुसवलेले असणार, ते आट्यात अर्धे चढतात आणि अडकतात, तेव्हा प्रत्येक बोल्ट आधी हाताने फिरवून बघायचा. चाकांचं सांगतो, या पद्धतीच्या जुन्या हबवर डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असू शकतात, स्टडच्या टोकावर एल दिसतो का बघा, नाहीतर चार फुटी पाइप लावून जोर काढाल आणि नट सुटायच्या ऐवजी आवळत जाईल. गाडीखाली जायचं ते स्टँडवर, नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यांवर नाही, जांभा कधी फुटेल सांगता येत नाही.

ब्रेक सगळे ड्रम आहेत आणि ब्रेक ऑइलचं सर्किट चौघांना मिळून एकच, म्हणजे चारपैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला की पेडल थेट फ्लोअरला. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणारा, ड्रायव्हरच्या पायाखाली चासीवर असतो, ऑइल भरायला फ्लोअरमधली छोटी प्लेट उघडावी लागते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं. चारही व्हील सिलिंडर, मास्टर, रबरी होज आणि सगळ्या धातूच्या लाइन नवीन टाका, किट टाकून जुना खड्डे पडलेला सिलिंडर वाचवायचा मोह नको, कोकणातल्या हवेत तो परत गळणारच. जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. गाडी वापरायचीच ठरवली तर दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर बसवून घ्या, हा एक बदल मी कुणालाही डोळे झाकून सांगतो. आणि हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, मागच्या आउटपुटवर आहे, तिथलं ऑइल सील गळलं की ब्रेकचा ड्रम तेलात न्हातो, मग केबल कितीही ओढा. चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, सगळा झटका प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या एक्सलवर जातो.

मागचे हब टेपर शाफ्टवर चावी घालून बसवलेले असतात, ते काढायला तगडा हब पुलर लागतो. शाफ्टच्या टोकाला हातोडा मारलात की आटे गेले आणि आतल्या बेरिंगलाही मार. पुलर घट्ट लावा, थोडा ताण द्या, रात्रभर ठेवा, सकाळी परत अर्धा फेरा. कधीतरी बंदुकीसारखा आवाज होऊन सुटतो, म्हणून मधला नट पूर्ण काढायचा नाही, टोकावर ढिला ठेवायचा, नाहीतर हब अंगावर.

स्टेअरिंगला प्ले आहे असं तुम्ही लिहिलंय, तो असणारच. इथे बॉक्स एकटा दोषी नसतो. बॉक्समधून रॉड येतो मधल्या बेलक्रँकवर, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या आडव्या लीव्हरवर, तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना, म्हणजे प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले आणि सगळा मिळून हातात अर्धा फेरा. एकाला स्टेअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवा, कुठे हालचाल मरते ते बोटाला लगेच कळतं. बेलक्रँकची पिन आणि बेरिंग बहुतेक गेलेलं असतं. मग पुढच्या नकलमधले, म्हणजे चाक जिथे वळतं त्या सांध्यातले किंगपिन बेरिंग, त्यांचा ताण शिमने म्हणजे पातळ चकत्यांनी ठरतो, ढिले राहिले तर चाळीसच्या स्पीडला एका खड्ड्यावर पुढची चाकं अशी थरथरायला लागतात की स्टेअरिंग हातातून सुटतं. लोक त्यावर उपाय म्हणून स्टेअरिंग डँपर लावतात, तो रोग झाकतो, बरा करत नाही. पॉवर स्टेअरिंगचं आत्ता विसरा, सहा इंची टायरवर आणि घट्ट सांध्यांवर ही गाडी हलकीच वळते.

आता इंजिन. जाम आहे म्हणून घाबरू नका, आणि टो करून गिअर टाकून तर मुळीच सोडवू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं निम्मं ओता, आठवडाभर तसंच ठेवा, मधूनमधून भर घाला. मग पुढून इंजिन हाताने फिरवायचं हँडल लावा, पण जोर मारायला नाही, नुसतं पुढे-मागे डुलवायला, केसभर जरी हललं तरी जिंकलात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळवून धरायची नाही, पुढे गाडी चालू करताना इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे, वळवलेल्या मुठीत अंगठा मोडतो. आधीच्या पिढीतल्या ड्रायव्हर लोकांना हे विचारा, ते न विचारता हात तसाच धरून दाखवतील.

फिरायला लागल्यावर कॉम्प्रेशन बघा, आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. एखादा अगदीच खाली असेल तर बऱ्याचदा दोष रिंगचा नसतो, ब्लॉकमधला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकून उघडा राहिलेला असतो, बाजूचं टॅपेट कव्हर काढलं की दिसतो, तिथेच त्याचं क्लिअरन्सही सेट होतं. थंड इंजिनवर इनटेक १८ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), एक्झॉस्ट १६ थाउ. हेड काढायची वेळ आली तर एक गोष्ट माहीत पाहिजे, हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, त्याच्याच भोकात लपलेला असतो. कार्ब्युरेटर उतरवून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. बाकी सगळे बोल्ट काढून हेड का निघत नाही म्हणून पहार घालणारे फिटर मी बघितलेत, आणि त्या पहारीने चेपलेले हेडही. परत बसवताना टॉर्क रेंच हवा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, ६० ते ७० फूट-पाउंड, दोन-तीन टप्प्यांत, आणि तो लपलेला बोल्ट त्यात मोजायचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंटचा गॅप २० थाउ, प्लगचा ३०. बोअरिंग किंवा क्रँक घासायचं निघालं तर ते घरचं काम नाही, कोल्हापूरला उद्यमनगरात न्या, जुन्या इंजिनांचा हात असलेले लेथवाले तिथे अजून आहेत.

डिझेल इंजिनाचा मोह मला समजतो, अ‍ॅव्हरेजचं गणित सगळे मांडतात. पण जड इंजिन आलं की पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक, क्लच, माउंटिंग, रेडिएटर सगळ्यालाच हात लावावा लागतो, आणि कागदाचा प्रश्न वर सांगितलाच. २.२ लिटरचं हे पेट्रोल इंजिन सत्तरेक हॉर्सपॉवरचं आहे, तीन गिअर, एक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे साठच्या आसपास मजेत चालते आणि त्याच्या पुढे ओरडते. एक्सप्रेसवे हा हिचा प्रांतच नाही.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, म्हणून फ्लोअरवर एक ठिणगीसुद्धा पाडायच्या आधी टाकी बाहेर काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक, आत वाफ असते, तिला वेल्डिंग कधीच नाही. आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे कॉर्क गॅस्केट सगळं हळूहळू खातं, वर हवेतलं पाणी ओढतं. इथेनॉल सोसणारा पाइप आणि डायफ्रॅम आधीच टाका, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये ऑइल जीएल-४ ग्रेडचं ९० नंबर घाला, दुकानदार भारीतलं म्हणून जीएल-५ देईल, त्यातली काही ऑइलं पितळी सिंक्रो रिंगला चांगली नाहीत. या दोन डब्यांमध्ये ऑइल एकातून दुसऱ्यात सरकतं, तेव्हा एक कमी आणि दुसरा जास्त दिसला तर लगेच गळती शोधत बसू नका, दोन्ही लेव्हल एकत्र बघा.

पत्र्याबद्दल. कोकणातली गाडी वरून छान आणि खालून चाळण असते. फ्लोअरखालच्या आडव्या चॅनलमध्ये माती-पाणी साठून ते आतून सडतात, स्क्रूड्रायव्हरने टोचत जा, जिथे आत जाईल तिथे खूण करा. निम्म्याहून जास्त खुणा झाल्या तर तुकडे जोडण्यापेक्षा तयार टब म्हणजे अख्खी खालची बॉडी घेणं परवडतं, हरियाणातल्या डबवालीकडे असे बनवून मिळतात, मात्र पत्रा किती गेजचा आहे ते मोजून घ्या आणि व्हिंटेजचा विचार असेल तर जुना टबच दुरुस्त करा. हा पत्रा साधारण १८ गेजचा, साध्या आर्क वेल्डिंगने भोकंच पडतात, मिग वेल्डिंगवाला बोलवा, आणि त्याला सलग ओढू देऊ नका, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. ब्लास्टिंग चासीला करा, बॉनेटसारख्या सपाट पत्र्याला नको. छोटे पार्ट, ब्रॅकेट, कड्या यांचा गंज घरी काढायला प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह पार्टला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या तुकड्याला, रात्रभरात गंज सुटतो. तो तुकडा स्टेनलेसचा नको, विषारी पाणी तयार होतं, आणि हे उघड्यावर करायचं, हायड्रोजन निघतो. रंग जून ते सप्टेंबर अजिबात नाही. एपॉक्सी प्रायमर, मग वर रंग, आणि पुट्टी गंजावर कधीच नाही, ती गंज थांबवत नाही, पावसाळाभर लपवते.

टायर. मूळ साइज ६.००-१६. दुकानात मागितलं की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं टायर काढून देतात, साइज तीच असते, स्वस्तही पडतं, पण ते साठच्या स्पीडसाठी बनवलेलं नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी सरळ निघून जाते. जीपचंच मागून घ्या. मोठे हवे असतील तर बोलेरोच्या १५ इंची रिमचं पाच बोल्टचं माप इथे जुळतं, पूर्ण वळवून पाट्याला घासत नाही ना एवढं बघा. पण मोठा टायर म्हणजे तेवढ्याच छोट्या ड्रमवर जास्त काम, हे विसरू नका. उंची वाढवायला लांब शॅकल (पाटा चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) लावू नका, पुढच्या एक्सलचा कोन बदलतो आणि तीच थरथर परत येते, वर प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस लवकर जातात. ८० इंचाचा व्हीलबेस आहे, आधीच उंच, अजून उंच केलीत तर आडव्या उतारावर ती तुम्हाला विचारणार नाही. रोल केज लावायची तर पाय चासीपर्यंत गेले पाहिजेत, फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्ट मारलेली केज उलटताना पत्रा फाडून आत येते, आणि सीट बेल्टशिवाय, फोम न लावलेला पाइप डोक्याजवळ असणं हे केज नसण्यापेक्षा वाईट.

वायरिंग पूर्ण नवीन, फ्यूज बॉक्ससकट, जुन्याला टेप मारत बसू नका. गाडी आधी ६ व्होल्टची होती का १२ ते बल्ब आणि कॉइलवर बघा, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला तरी जुना डायनॅमो फेकू नका, व्हिंटेजला दाखवायला लागेल.

पहिल्यांदा चालू झाली की लगेच घाटात नेऊ नका. घराभोवती वीस-तीस किलोमीटर, मग गरम असतानाच इंजिन ऑइल बदला, चाकांचे आणि यू-बोल्टचे नट परत आवळा, चारही ड्रमला हात लावून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथला शू घासतोय. फोर व्हील फक्त चिखलात, वाळूत नाहीतर निसरड्यावर टाका, कोरड्या डांबरावर टाकलीत तर पुढचे-मागचे एक्सल एकमेकांशी भांडतात आणि लीव्हर परत निघत नाही. अडकलाच तर लीव्हरवर जोर नको, थोडी रिव्हर्स घ्या, आपोआप सुटतो.